लोकल वाहिनीवरची आरोग्याची बातमी तुमच्या कधी कामी आली?

प्रभातफेरी

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, विषय जिव्हाळ्याचा आहे.

२००६ ते २०१५ मी पुण्यातल्या एका लोकल केबल वाहिनीवर बातम्या वाचत होते. तेव्हा पेठांत, कोथरूडला, सहकारनगरला केबलवाल्याची वाहिनी घरोघरी दिसायची. संध्याकाळी साडेसातचं बुलेटिन. स्टुडिओ म्हणजे एका वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, मागे शनिवारवाड्याचा फ्लेक्स. पंखा लावला की माइकमध्ये आवाज जायचा म्हणून पंखा बंद. अँकर मी, रिपोर्टरही मीच. दुपारभर शहरात फिरायचं, चारला बाइट, म्हणजे लोकांच्या बोलण्याचे चित्रित तुकडे, कापायला द्यायचे, सहाला बातम्या लिहायच्या आणि सात वीसला केस सारखे करून कॅमेऱ्यासमोर बसायचं.

आज लिहायचं कारण माझी भाची. रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकून यंदा बाहेर पडली, एका वाहिनीत लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिला आरोग्याचं बीट मिळालं. तिला राजकारण हवं होतं. फोनवर रडकुंडीला आली होती. "मावशी, आरोग्याच्या बातमीनं कुणाचं काय होतं गं?"

मी तिला माझा एक दिवस सांगितला. ऑगस्ट २००९. तीन तारखेला स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी गेला तो आपल्या पुण्यात, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. दुसऱ्या दिवसापासून नायडू रुग्णालयाबाहेर रांगच रांग. पहिल्या संध्याकाळी मी बुलेटिनमध्ये 'थैमान', 'घबराट', 'नागरिक भयभीत' असं सगळं वाचलं. आवाजही तसाच लावला. दुसऱ्या दिवशी रांगेचे शॉट घेत असताना एका बाईनं माझा दंड धरला. कडेवर तीन-चार वर्षांचा मुलगा, त्याच्या तोंडाला बाईचाच रुमाल बांधलेला. म्हणाली, "ताई, ह्याला ताप नाहीये, नुसतं नाक वाहतंय. काल टीव्हीवर तुम्हीच सांगत होतात म्हणून आणलं. थांबू का जाऊ?" ती सकाळी साडेआठपासून उभी होती. पुढे-मागे खोकणारी माणसं.

मला उत्तर माहीत नव्हतं. आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नुसती सर्दी असेल तर तिला घरी पाठवा, इथे थांबली तर नसलेलं घेऊन जाईल. त्या संध्याकाळी मी आकडे खाली ढकलले आणि पहिली बातमी ही वाचली: कुणी तपासायला यायचं, कुणी घरी थांबायचं, पालिकेच्या कुठल्या दवाखान्यात तपासणी आहे आणि टॅमिफ्लू हे स्वाइन फ्लूचं औषध दुकानात शोधत फिरू नका, ते सरकारी दवाखान्यातूनच मिळतंय. बुलेटिन संपायच्या आत ऑफिसचा फोन वाजायला लागला तो साडेदहापर्यंत. सगळ्यांचे प्रश्न त्या बाईसारखेच.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आरोग्याची बातमी ऐकून माणसाला उद्या सकाळी काय करायचं ते कळलं पाहिजे. ते नसेल तर आपण फक्त घाबरवतो.

तुमचे अनुभव सांगा, चांगले-वाईट दोन्ही. भाचीला वाचून दाखवणार आहे.

शनिवारकर

छान धागा. मला तुमची ती वाहिनी आठवते, नाव घेत नाही.

आमच्या वडिलांची बीपीची गोळी दूरदर्शनच्या संध्याकाळच्या बातम्यांना बांधलेली होती. गच्चीवरची अँटेना सिंहगडाच्या मनोऱ्याकडे वळवलेली, वारा सुटला की मी वर पळायचो. बातम्यांची धून लागली की आई पेला घेऊन यायची आणि प्रदीप भिडे बोलायला लागेपर्यंत गोळी पोटात गेलेली असायची. डॉक्टरांनी वेळ लावून दिली नव्हती, आईनंच लावली. तीसेक वर्षांत एकही गोळी चुकली नाही असं ती छातीठोकपणे सांगते.

भिडे ७ जून २०२२ ला गेले. मी आईला बातमी सांगितली तर ती म्हणाली, "ह्यांच्या गोळीची वेळ गेली." बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

त्या आवाजात कधी 'थैमान' ऐकल्याचं आठवत नाही. सकाळी रेडिओवर आकाशवाणी पुण्याच्या सुधा नरवणे, त्यांचंही तसंच. किल्लारीच्या भूकंपाची बातमीसुद्धा त्या पिढीनं आवाज न चढवता दिली आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला.

ऊन_सावली

शनिवारकर, आईंचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं.

जनरल_प्रॅक्टिस

पंचवीस वर्षं सातारा रोडला दवाखाना चालवतो. भाचीसाठी माझ्याकडून एकच विनंती: प्लेटलेट्स.

दर वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर डेंग्यूचा हंगाम. पडद्याखालच्या पट्टीवर 'प्लेटलेट्सचा तुटवडा' असं फिरलं की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे धडधाकट माणसं येतात, रिपोर्ट हातात घेऊन, "डॉक्टर, एक लाख दहा हजार आल्यात, ॲडमिट करा." त्यांचा दोष नाही. रक्तस्राव होत नसेल तर प्लेटलेट्स दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय चढवायची सहसा गरज नसते. पण नव्वद हजार म्हटलं की घरचे रात्रभर रक्तपेढ्या पालथ्या घालतात.

आणि जे सांगायला हवं ते राहूनच जातं. डेंग्यूत धोका ताप असताना कमी आणि ताप उतरल्यावर जास्त असतो. ताप गेला म्हणून घरात आनंद होतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पेशंट ढासळतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, ग्लानी. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखाना. हे सांगायला वीस सेकंद लागतात. माझ्या एका पेशंटचा मुलगा गेला, ताप उतरून दुसरा दिवस होता. घरच्यांना पपईच्या पानांचा रस माहीत होता. हे माहीत नव्हतं.

प्रभातफेरी, तुमच्या मताशी मी सहमत आहे. पण एक सांगतो: अँकरनं डॉक्टर होऊ नये. तुम्ही आत जाऊन विचारलंत, ते महत्त्वाचं. हल्ली आत कुणी जात नाही, फोनवरच बाइट घेतात.

हडपसरी

वाईट अनुभव विचारलात म्हणून लिहितो.

आईला पंधरा वर्षांची शुगर. एका वाहिनीवर सकाळी एक कार्यक्रम लागायचा, गोल टेबल, फुलदाणी, एक जाकीटवाले गृहस्थ आणि शेजारी तीच मुलगी जी संध्याकाळी बातम्या वाचायची. ती विचारायची, "सर, म्हणजे आयुष्यभर गोळ्या घ्यायची गरज नाही?" आणि सर म्हणायचे, "अजिबात नाही, आमची पावडर नव्वद दिवस." कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असायचं, ते आईच्या नजरेला दिसण्यासारखं नव्हतं.

आईनं गोळ्या बंद केल्या, आम्हाला सांगितलंही नाही. पावडरीचे तीन डबे कणकेच्या डब्यामागे ठेवलेले नंतर सापडले. पायाला चप्पल लागून साधी जखम झाली, ती भरेना. दवाखान्यात नेलं तर शुगर चारशेच्या वर. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

मी चिडून म्हटलं, त्या माणसावर विश्वास कसा ठेवलास? ती म्हणाली, "त्याच्यावर कुठे ठेवला? ती मुलगी रोज बातम्या सांगते, ती खोटं कशाला बोलेल?"

भाचीला हे वाक्य जरूर वाचून दाखवा.

ऊन_सावली

बाप रे. आई आता बऱ्या आहेत ना?

हडपसरी

हो, चालतात. इन्सुलिन सुरू आहे. टीव्ही बघतात, पण सकाळी नाही.

रनडाऊन

मी पडद्यामागचा माणूस, अकरा वर्षं डेस्कवर काढली, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे. हडपसरी यांच्या प्रतिसादानंतर गप्प बसवत नाही.

तो अर्धा तास विकलेला असतो. लहान वाहिनीचं भाडं, कॅमेरामनचा पगार, केबलवाल्याचे पैसे, सगळं त्या अर्ध्या तासांवर चालतं. मालक अँकरला सांगतो, बातम्यांसारखंच बोल, तुझ्याशिवाय कोण बसणार. बाविशीतली मुलगी, पहिली नोकरी, ती नाही कशी म्हणणार? विकला जातो तो तिचा चेहरा. संध्याकाळच्या बातम्यांनी कमावलेला विश्वास सकाळी खर्च होतो.

यावर कायदा आहे आणि तो आजचा नाही. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची यादी आहे, मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा वगैरे. हे बरे करतो अशी जाहिरात करताच येत नाही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. शिवाय २०२१ पासून केबल टीव्हीच्या नियमांत बदल झालाय. प्रेक्षकानं वाहिनीकडेच लेखी तक्रार करायची, वाहिनीनं चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर वरच्या पायऱ्या आहेत. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ टिपून ठेवा आणि जमलं तर मोबाइलवर पडद्याचं चित्रण करा. तक्रार लवकरात लवकर गेली पाहिजे.

प्रभातफेरी

हडपसरी, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

ही गोष्ट लिहावी की नाही, रात्रभर विचार केला. लिहिते. असे दोन कार्यक्रम मीही केलेत. २००८ मध्ये, गुडघेदुखीच्या तेलाचे. मला वाटलं, तेलच तर आहे, चोळलं काय न चोळलं काय. तिसऱ्या वेळी किडनी स्टोनचा काढा होता आणि ते गृहस्थ मेकअपच्या खोलीत मला म्हणाले, "ऑपरेशनचा विषय आला की तुम्ही चेहरा थोडा गंभीर करा." तेव्हा उठले. मालकांनी महिनाभर बुलेटिन काढून घेतलं, मग परत दिलं कारण दुसरं कुणी नव्हतं. पण ते पहिले दोन केले ते केलेच. माझ्याकडे बघून किती जणांनी ते तेल घेतलं असेल कुणास ठाऊक, आणि किती जण त्यापायी डॉक्टरकडे उशिरा गेले असतील.

भाचीला हे मी समोरासमोर सांगितलंय.

नळस्टॉपचा_नळ

मी थोडं वेगळं म्हणतो. सगळे घाबरवण्याला नावं ठेवतायत, पण घाबरवल्याशिवाय या शहरात काही हलतं का? २०२५ च्या जानेवारीत जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) आला. वाहिन्यांनी दिवसरात्र लावून धरलं नसतं तर सिंहगड रोडच्या गावांकडे कुणी ढुंकून पाहिलं असतं? शांत आवाजात सांगितलेली बातमी शांतपणे फाइलमध्ये जाते.

जनरल_प्रॅक्टिस

नळसाहेब, मुद्दा आहे. पण त्याच आवाजामुळे लोकांना वाटलं जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागतो. माझ्या एका पेशंटच्या घरी कामवाली यायची बंद झाली. जीबीएस संसर्गजन्य नाही. आधी पोटाचा संसर्ग होतो, बहुतेकदा दूषित पाण्यातून किंवा अर्धकच्च्या अन्नातून. एक ते तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून मज्जातंतूंवर उलटते, आणि तेही फार थोड्या लोकांत. पायांत मुंग्या, मग पायातलं बळ जाणं, मग ते वर वर चढणं. श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं तर व्हेंटिलेटर. वेळेत आलेले बहुतेक बरे होतात, महिने लागतात एवढंच.

धायरीकर

मी त्या भागातच राहतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

धायरी २०१७ ला महापालिकेत आली. नांदेड (आमच्या सिंहगड रोडचं गाव), किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला ही २०२१ ला आलेली. कागदावर आम्ही सगळे शहर, पण पाणी बऱ्याच ठिकाणी अजून विहिरीचं आणि टँकरचं. नांदेडची मोठी विहीर तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. आमच्या सोसायटीत दोन पेशंट निघाले, त्यातला एक माझ्या मुलाचा मित्र, सोळा वर्षांचा. शनिवारी क्रिकेट खेळला. सोमवारी जिना चढताना कठडा धरायला लागला. बुधवारी आयसीयूत. पेपरात येत होतं की एकेक इंजेक्शन वीस हजारांच्या घरात, आणि ती एकदोन देऊन भागत नाहीत. नंतर पालिकेनं कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचाराची सोय केली, पिंपरी-चिंचवडकरांना वायसीएम रुग्णालयात. ते सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर दोन दिवस उशिरा कळलं.

त्या पंधरा दिवसांत आमच्या गेटवर पाच-सहा वाहिन्यांचे माइक येऊन गेले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "भीती वाटते का?" वाटत होती. सांगितलं, वाटते.

सातव्या-आठव्या दिवशी एका छोट्या वाहिनीची मुलगी आली. स्कुटीवर, पाठीला सॅक, कॅमेरामन मागे बसलेला. तिनं कुणाला भीती विचारली नाही. सॅकमधून एक काचेची नळी आणि छोटी बाटली काढली. ओटी टेस्ट, पाण्यातलं क्लोरीन बघायची. ग्रामपंचायतीचे पाणीवाले करायचे ती. गेटजवळच्या नळाचं, म्हणजे थेट लाइनचं पाणी नळीत घेतलं, बाटलीतले दोन-तीन थेंब टाकले, हलवलं. पाणी पिवळं झालं. "क्लोरीन आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "काका, तुमच्या घरच्या नळाचं बघू या." तिसऱ्या मजल्यावर आली. तीच नळी, तेच थेंब. पाणी पांढरंस्वच्छ. नळी कॅमेऱ्यासमोर धरून ती नुसती थांबली, काही बोललीच नाही.

लाइनमध्ये क्लोरीन येत होतं आणि आमच्याच टाकीत उडून जात होतं. खालची टाकी दोन वर्षं धुतलेली नव्हती. झाकण एका बाजूला फुटलेलं, शेजारून ड्रेनेजचा पाइप. पालिकेच्या नावानं आम्ही ओरडत होतो, त्यात चूक नव्हतीच. पण अर्धी गोष्ट आमच्या झाकणाखाली होती. तिनं सांगितलं, नळाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, म्हणजे टेस्टला फिकट का होईना, पिवळा रंग यायला हवा. टाकी धुवा, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती घालायची ते पालिकेच्या आरोग्य निरीक्षकाला विचारून घाला, तोवर पाणी उकळा.

दुसऱ्या दिवशी बत्तीस फ्लॅटमधली माणसं टाकीभोवती उभी होती. तेव्हापासून दर रविवारी ओटी टेस्ट करून वहीत रंग लिहितो. वही माझ्याकडे आहे.

तो मुलगा बरा झाला. जूनमध्ये कॉलेजला गेला, अजून पळत नाही.

नळस्टॉप, तुमचं बरोबर आहे की आवाज झाला म्हणून टँकर तपासले गेले. पण आमची टाकी ओरडण्यानं धुतली गेली नाही. ती त्या नळीनं धुतली गेली.

नळस्टॉपचा_नळ

धायरीकर, पटलं. माझंही म्हणणं थोडं बदलतो: वाहिनीनं ओरडावं ते पालिकेच्या दारात. लोकांच्या दारात नळी घेऊन जावं.

कोथरूडची_मावशी

धायरीकरांचा प्रतिसाद आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?

धायरीकर

अवश्य.

शनिवारकर

थोडं अवांतर. वर चेहऱ्याचा आणि विश्वासाचा विषय निघाला म्हणून आठवलं. स्मिता पाटील आपल्या पुण्यात जन्मलेल्या, आणि सिनेमाच्या आधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. माझी मोठी बहीण बातम्यांपेक्षा त्यांच्या साडीचे काठ बघायची आणि तशीच साडी शोधायला तुळशीबागेत जायची. बातमीदाराच्या अंगावरची साडीसुद्धा लोक ऐकतात म्हणायचं.

मेघना_त

शनिवारकर, अवांतर नाही हो. लोक अँकरकडे किती बारकाईनं बघतात यावर दोन गोष्टी.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या स्थानिक वाहिनीची रिपोर्टर व्हिक्टोरिया प्राइस. २०२० च्या जुलैत तिला एका प्रेक्षक बाईचा मेल आला: तुझ्या मानेवर गाठ दिसते, थायरॉइड तपासून घे. तपासलं तर खरंच थायरॉइडचा कॅन्सर निघाला.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्याच टल्सा शहरातली. सप्टेंबर २०२२, ज्युली चिन ही अँकर सकाळच्या बातम्या वाचत होती. आधी एका डोळ्यानं नीट दिसेना, मग हात बधिर झाला, मग समोर टेलिप्रॉम्प्टरवर शब्द दिसतायत पण तोंडातून येत नाहीत. ती प्रेक्षकांची माफी मागून हवामानाच्या बातमीकडे गेली आणि सहकाऱ्यांनी तिथूनच रुग्णवाहिका बोलावली. पक्षाघाताची सुरुवात होती, वेळेत कळली. नंतर तिनं स्वतः लोकांना लक्षणं समजावून सांगितली.

ती क्लिप मी मोबाइलवर पाहिली होती. पुढच्या वर्षी दिवाळीत सासूबाई चकल्या करत होत्या. सोऱ्या फिरवता फिरवता उजवा हात थांबला. "मला काय होतंय" म्हणायचं होतं त्यांना, पण जीभ जड. घरात सगळे म्हणाले दमल्यात, झोपू दे. मला तो अँकरचा अडखळलेला चेहरा आठवला. हसायला सांगितलं तर ओठ एका बाजूला. चकल्या तशाच टाकून रिक्षानं निघालो. इंजेक्शन मिळालं. आज हात नव्वद टक्के चालतो, गेल्या दिवाळीच्या चकल्याही त्यांच्याच.

जनरल_प्रॅक्टिस

मेघना, फार मोठं काम केलंत. गुठळी विरघळवायचं ते इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. 'झोपू दे' म्हणण्यात ते तास जातात. एक सुचवतो: लक्षणं सुरू झाली ती वेळ घड्याळात बघून लक्षात ठेवा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. आणि निघायच्या आधी सीटी स्कॅनची सोय आहे ना ते विचारून तिकडेच जा. रिक्षापेक्षा १०८ ची रुग्णवाहिका बरी, पण ती येईना तर वाट बघत बसू नका.

रनडाऊन

भाचीच्या मूळ प्रश्नाला हे खरं उत्तर. अशीच एक अमेरिकन अँकर केटी कुरिक. नवरा आतड्याच्या कॅन्सरनं गेला, म्हणून तिनं मार्च २००० मध्ये स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर दाखवली. नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्या काळात ही तपासणी करून घेणारे वीस टक्क्यांहून जास्त वाढले होते.

आणि आपल्याकडचं एक नाव इथे यायलाच हवं. टीव्ही९ मराठीचे पुण्याचे पांडुरंग रायकर. कोविडच्या बातम्या देत होते आणि २ सप्टेंबर २०२० ला कोविडनंच गेले, जंबो सेंटर या तात्पुरत्या कोविड रुग्णालयात. शहराला बेड कुठे आहे हे सांगणारी ही माणसं. तेव्हा आम्ही डेस्कवर बसून रिपोर्टरला म्हणायचो, "वॉर्डाच्या जवळून पीटीसी दे," म्हणजे तिथून कॅमेऱ्याकडे बघून बोल. मी कितींदा म्हटलंय ते मला माहीत आहे. भाचीला सांगा, मास्कशिवाय, लस घेतल्याशिवाय संसर्गाच्या वॉर्डाकडे जायचं नाही, आणि डेस्कनं आग्रह धरला तर नाही म्हणायचं. तिचाही जीव आहे.

ऊन_सावली

+१. तो सप्टेंबर आठवला. आम्ही रात्रभर बेडसाठी फोन लावत होतो. एका रिपोर्टरनं, ओळख ना पाळख, नंबर मिळवून परत फोन केला होता, "मिळाला का?" म्हणून. मिळाला होता.

कोथरूडची_मावशी

मला एक विचारायचंय. हे सगळं खरं, पण त्या मुलीला वाहिनीवर वेळ किती मिळणार? दीड मिनिट?

प्रभातफेरी

नव्वद सेकंदच. मीही तेवढ्यातच बसवायचे. कसं ते सांगते. पहिल्या दहा सेकंदांत काय झालंय. पुढच्या वीसमध्ये कुणाला झालंय, म्हणजे वय, भाग, आणि तुम्ही त्यात येता की नाही. मग डॉक्टरांचा बाइट, पंधरा सेकंद, पण डॉक्टर त्या आजाराचे हवेत, जे फोन उचलतात ते नव्हेत. उरलेला सगळा वेळ लोकांनी काय करायचं त्याला: कुठे जायचं, किती वाजता, किती पैसे पडतात, सोबत कुठला कागद न्यायचा. 'कागद कुठला' हे मी एकदा विसरले होते. मोफत तपासणीच्या शिबिराची बातमी दिली आणि रेशनकार्ड न आणल्यामुळे माणसं परत गेली. एक आजोबा वारज्याहून दोन बस बदलून आले होते. त्यांनी ऑफिसात येऊन मला सांगितलं. रागावले नाहीत, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी सांगत जा."

आणखी एक. बातमी दिल्यावर पंधरा दिवसांनी परत जायचं. तो मुलगा चालायला लागला का, विहिरीवर क्लोरीनची टाकी बसली का. मोठ्या वाहिन्या तोवर दुसऱ्या गावी गेलेल्या असतात. लोकल अँकर तिथेच राहते, तिच्याच भाजीवाल्याकडे भाजी घेते, तिला परत जाता येतं.

जनरल_प्रॅक्टिस

या पद्धतीनं कुणी बाइट मागायला आलं तर मी दवाखाना अर्धा तास बंद ठेवून बोलेन. दुपारी एकनंतर यायला सांगा.

हडपसरी

आईला धागा वाचून दाखवला. ती म्हणते, त्या मुलीला सांग, सकाळच्या कार्यक्रमाला बसू नकोस, आणि बसायची वेळ आलीच तर माझ्याकडे ये, मी मालकांशी बोलते.

प्रभातफेरी

हे वाचून भाची मोठ्यानं हसली आणि मग तिचे डोळे भरले. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळा धागा वाचून दाखवला. मध्ये एकदाही मोबाइल बघितला नाही. धायरीकरांचा प्रतिसाद तिनं दोनदा वाचायला लावला.

आज संपादकांशी बोलली. पहिलं पॅकेज मिळालंय, नव्वद सेकंद, सोसायटीच्या टाकीतलं क्लोरीन. पावसाळा तोंडावर आहे, आताच सांगितलं पाहिजे असं म्हणाली. धायरीकर, ती तुमच्याकडे येऊ शकते का? ती वहीही बघायची आहे तिला.

धायरीकर

आनंदानं. या रविवारी टाकी धुवायची आहे. शनिवारी आली तर धुण्याआधीचा रंग मिळेल आणि सोमवारी नंतरचा. दोन्ही दिवस या, चहा इथेच. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. तो मुलगाही बोलायला तयार आहे, त्याच्या आईला मी विचारलं. चेहरा दाखवू नका एवढंच म्हणाली.

प्रभातफेरी

नाही दाखवणार. पाठमोरा, जिना चढताना घेऊ, त्याला चालणार असेल तरच.

जनरल_प्रॅक्टिस

एक राहिलं. ओटी टेस्ट केलेलं पाणी पिण्यालायक राहत नाही, त्यातलं रसायन विषारी आहे. टेस्ट झाली की नळी बेसिनमध्ये ओतायची आणि हात धुवायचे. हे कॅमेरा चालू असतानाच करायला सांगा, लोक जसं बघतील तसंच करतील.